मतदारयादीचे ॲप: एक प्रभाग, चार अपक्ष आणि अठरा हजारांचा परवाना

नागपूर महानगरपालिकेच्या १५ जानेवारी २०२६ च्या निवडणुकीसाठी आमच्या प्रभागातल्या चार अपक्ष उमेदवारांनी मिळून मतदारयादीचे एक सॉफ्टवेअर विकत घेतले आणि त्याचा सगळा कारभार माझ्याकडे सोपवला. बँकेतून निवृत्त झालेल्या माणसाकडे वेळ असतो आणि त्याला हिशेबाची सवय असते, एवढीच माझी पात्रता. पुढच्या निवडणुकीत कोणी हेच सॉफ्टवेअर घ्यायच्या विचारात असेल, तर त्याला उपयोग व्हावा म्हणून हे लिहीत आहे. विक्रेत्याचे नाव देत नाही, कारण त्याचा माल आणि त्याआधी आम्ही पाहिलेला आणखी तिघांचा माल यांत पडद्याच्या रंगाखेरीज सांगण्यासारखा फरक नव्हता.

एका प्रभागाचा आणि दहा मोबाइलचा परवाना अठरा हजार रुपये, मतदाराला त्याचे केंद्र आणि क्रमांक सांगणारी चिठ्ठी छापणारे, खिशात मावणारे चार ब्लूटूथ प्रिंटर प्रत्येकी सव्वीसशे रुपये, आणि त्यांना लागणारे कागदाचे रोल सोळाशे रुपयांचे, असे एकूण तीस हजार झाले आणि ते चौघांनी साडेसात हजारांप्रमाणे वाटून घेतले. राज्य निवडणूक आयोगाने नागपूरसाठी प्रत्येक उमेदवाराला खर्चाची मर्यादा १५ लाख रुपये ठेवली होती, त्यामुळे मर्यादेची चिंता आमच्यासारख्यांना नव्हतीच; चिंता होती ती हिशेबाची. निकालानंतर ३० दिवसांत खर्चाचा हिशेब सादर केला नाही, तर उमेदवार तीन वर्षांसाठी अपात्र ठरू शकतो. म्हणून मी पहिल्याच दिवशी चार उमेदवारांच्या नावे चार वेगळी पक्की बिले मागितली. विक्रेत्याच्या चेहऱ्यावरून दिसले, की अशी मागणी त्याच्याकडे क्वचितच होत असावी. बिले मिळाली, पण मिळवायला धंतोलीत तीन चकरा झाल्या.

आता या वस्तूची गरजच काय, असे विचारणाऱ्यांसाठी थोडे सांगतो. शहरात ३८ प्रभाग आणि १५१ जागा आहेत. त्यांतले ३७ प्रभाग चार सदस्यांचे आहेत, आमचाही त्यांतलाच. एका प्रभागाची लोकवस्ती २०११ च्या जनगणनेच्या हिशेबाने साठ ते सत्तर हजारांच्या घरात जाते. महापालिकेसाठी वेगळी मतदारयादी तयार होत नाही. विधानसभेची यादी घ्यायची, या वेळी ती १ जुलै २०२५ या तारखेची होती, आणि तिचे प्रभागाच्या सीमेप्रमाणे तुकडे करायचे, अशी पद्धत आहे. राज्य आयोगाला त्या यादीत नवे नाव घालता येत नाही की जुने काढता येत नाही. एखादे नाव चुकून शेजारच्या प्रभागात गेले असेल, तर तेवढे सरळ करता येते. तुकडे झाले, की यादीभाग बदलतो, अनुक्रमांक बदलतो आणि पुष्कळदा मतदान केंद्रही बदलते. लोकसभेला आणि विधानसभेला २०२४ मध्ये ज्या शाळेत मत दिले तिथेच पुन्हा जाऊन उभा राहणारा मतदार प्रत्येक वस्तीत असतो. त्याला घरी जाऊन योग्य केंद्र, योग्य खोली आणि योग्य क्रमांक सांगणे, ही छोट्या उमेदवाराची सर्वांत मोठी सेवा आणि सर्वांत स्वस्त प्रचार.

ॲप हे काम करते का? नाव शोधण्यापुरते बोलायचे, तर उत्तम करते. आडनावाची पहिली तीन अक्षरे टाकली, की दोन सेकंदांत यादी समोर येते, आणि तीही इंटरनेट नसताना. रिंग रोडच्या पलीकडच्या काही ले-आउटमध्ये, म्हणजे प्लॉट पाडून वसलेल्या वस्त्यांमध्ये, मोबाइलला रेंज मिळत नाही, तिथे याचा फार उपयोग झाला. आमच्यासोबत फिरणारी मुले कॉलेजातली होती आणि कागदी याद्यांचे गठ्ठे त्यांनी कधी हाताळलेले नव्हते. त्यांना ॲप शिकवायला अर्धा तास पुरला. या एका गुणासाठी मी या वस्तूला पैकीच्या पैकी गुण देईन.

अडचण नाव न सापडण्यापासून सुरू होते, आणि इथे विक्रेत्याने सांगितलेली गोष्ट अर्धीच खरी होती. ‘‘काका, यादी तर सगळ्यांजवळ एकच राह्यते, आम्ही फक्त पाह्याचं काम सोपं करून देतो,’’ असे त्याच्या दुकानातला मुलगा म्हणाला होता. यादी एकच असते हे खरे, पण ती छायाचित्रासारख्या पानांच्या स्वरूपात मिळते. तिच्यातला मजकूर संगणकाला सरळ उचलता येत नाही. शोधता येण्याजोग्या स्वरूपात यादी मिळावी ही मागणी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही मान्य केली नव्हती, आणि मतदारांची माहिती घाऊक भावाने उचलली जाऊ नये हा त्यामागचा विचार मला तरी योग्यच वाटतो. मग ही दुकाने काय करतात, तर त्या पानांवरची अक्षरे यंत्राकडून वाचून घेतात. यंत्राला देवनागरी बरी वाचता येते, पण ‘ख’ दिसला की ते अडखळते. आमच्या प्रभागातले कित्येक खोब्रागडे ॲपमध्ये ‘रवोब्रागडे’ झाले होते, धोटे ‘घोटे’ झाले होते आणि भोयर कुटुंबातल्या दोघांचे ‘मोयर’ झाले होते. माणूस दारात उभा, हातात ओळखपत्र, आणि ॲप सांगते की असे नाव नाही! अशा वेळी मतदाराच्या मनात पहिली शंका येते ती आपले नाव कोणीतरी कापल्याची. दोन दिवसांत आम्ही नियमच केला, की ॲपमध्ये नाव मिळाले नाही तर ‘नाही’ म्हणायचे नाही, ओळखपत्राचा क्रमांक टाकून पाहायचे आणि तरीही नाही मिळाले तर छापील यादी उघडायची. ओळखपत्राच्या क्रमांकावरून शोध मात्र बहुतेक वेळा लागला, कारण इंग्रजी अक्षरे आणि आकडे यंत्र नीट वाचते.

दुसरी उणीव नागपूरच्या पत्त्यांची आहे आणि ती परगावी बनलेल्या कोणत्याही सॉफ्टवेअरला येणारच. ॲपमध्ये ‘कुटुंबाप्रमाणे चिठ्ठ्या’ अशी एक सोय आहे. घर क्रमांक सारखा असलेल्या सगळ्यांच्या चिठ्ठ्या एकदम निघतात. कल्पना सुरेख. पण आपल्याकडे पत्ता म्हणजे प्लॉट नंबर आणि ले-आउटचे नाव, किंवा गृहनिर्माण सोसायटीचे नाव, आणि यादीतल्या घर क्रमांकाच्या रकान्यात पुष्कळदा नुसता शून्य नाहीतर एखादी रेघ असते. परिणामी ॲपच्या मते आमच्या प्रभागातले सर्वांत मोठे कुटुंब घर क्रमांक शून्यमध्ये राहत होते आणि त्यात काही हजार माणसे होती. पहिल्या संध्याकाळी एका मुलाने हौसेने त्या कुटुंबाच्या चिठ्ठ्या काढायची आज्ञा दिली आणि रोल संपेपर्यंत प्रिंटर थांबला नाही. शेवटी आम्ही आठ दिवस बसून ले-आउटप्रमाणे स्वतःच गट पाडले. ती सोय ॲपमध्ये आहे, चांगली आहे, आणि विक्रेता तिच्याबद्दल आपणहून काही सांगत नाही. घेणाऱ्याने विचारून घ्यावी.

यादीतल्या दुबार नावांपुढे या वेळी दोन तारे छापलेले होते. अशा मतदाराने आपण कोणत्या एकाच केंद्रावर मत देणार हे आधी कळवायचे किंवा केंद्रावर हमीपत्र द्यायचे, अशी व्यवस्था होती. यंत्राने वाचताना तारे गाळून टाकले. त्यामुळे ज्यांना आधी जाऊन सांगायला हवे होते, ती नावे ॲपमध्ये चारचौघांसारखीच दिसत होती. हे मी विक्रेत्याला कळवले, त्याने दोन दिवसांत दुरुस्ती पाठवली आणि ती बरोबर होती. तक्रार केल्यावर काम करतात, हे नोंदवले पाहिजे.

चिठ्ठीबद्दल, म्हणजे आपल्याकडची मुले जिला पर्ची म्हणतात तिच्याबद्दल, थोडे सविस्तर लिहावे लागेल. ॲप मुळात चिठ्ठीच्या डोक्यावर उमेदवाराचा फोटो आणि चिन्ह छापते, आणि विक्रेत्याचा सगळा भर त्याच गोष्टीवर होता. आचारसंहितेत मात्र मतदाराला द्यायची ओळखचिठ्ठी साध्या पांढऱ्या कागदावर असावी आणि तिच्यावर चिन्ह, उमेदवाराचे नाव किंवा पक्षाचे नाव नसावे, असा जुना संकेत आहे. तो सर्रास मोडला जातो, हे मला ठाऊक आहे. पण अपक्षाला नियम मोडण्याची चैन परवडत नाही, म्हणून मी साधी चिठ्ठी छापण्याचा पर्याय शोधू लागलो. तो सापडला चौथ्या पानाच्या तळाशी, ‘इतर’ नावाच्या कप्प्यात. साध्या चिठ्ठीला कागदही निम्मा लागतो.

आणि चिन्हांचे म्हणाल, तर ती ३ जानेवारीपर्यंत आमच्याकडे नव्हतीच. पक्षाच्या उमेदवाराला आपले चिन्ह वर्षानुवर्षे ठाऊक असते. अपक्षाला ते अर्ज मागे घेण्याची मुदत संपल्यावर मिळते, आणि जाहीर प्रचार तर १३ तारखेला संध्याकाळी साडेपाचला बंद होतो. म्हणजे हातात दहा दिवस. त्यातही आमचे चौघे एकत्र लढत असले, तरी अपक्ष असल्यामुळे चौघांची चिन्हे चार. मतदाराने ‘अ’ जागेच्या पांढऱ्या, ‘ब’ जागेच्या फिक्या गुलाबी, ‘क’ जागेच्या फिक्या पिवळ्या आणि ‘ड’ जागेच्या फिक्या निळ्या मतपत्रिकेवर एकेक बटण दाबायचे, म्हणजे मतदान पूर्ण होऊन बझर वाजतो. कोणालाच मत द्यायचे नसेल, तर त्या जागेपुरते ‘वरीलपैकी एकही नाही’ हे बटण असते. जयताळ्याकडच्या एका आजींना मी हे सगळे समजावून सांगितले, त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, ‘‘चार चार चिन्हं कोनाच्या ध्यानात राह्यतीन जी?’’

या प्रश्नाला ॲपने दिलेले उत्तर मला मनापासून आवडले. त्यात मतदान यंत्राची एक नक्कल आहे. मोबाइलच्या पडद्यावर चार रंगांच्या चार पट्ट्या येतात, आपण बटण दाबले की दिवा लागतो, चौथे बटण दाबले की आवाज होतो, आणि एखादी जागा सुटली असेल तर तो रंग लुकलुकतो. तरुण मतदाराला याची गरज नाही. पण साठीच्या पुढच्या बायका-पुरुषांनी ते यंत्र स्वतःच्या हाताने तीन-तीनदा चालवून पाहिले, आणि कित्येकांना आपण एकच मत देऊन बाहेर पडू शकत नाही, हे तिथे पहिल्यांदा कळले. याच एका कारणासाठी मी मोठ्या पडद्याचा एक जुना टॅब वेगळा काढून ठेवला होता.

जाहीरनामा तयार करून देण्याची सोय मात्र विनोदाच्या सदरात घालावी अशी आहे. वस्तीचे नाव आणि तीन प्रश्न टाकले, की ॲप एका मिनिटात दोन पानांचा मजकूर लिहून देते. आम्ही गडर लाइन (म्हणजे सांडपाण्याची नळी), नळाचे पाणी आणि मोकाट कुत्रे असे तीन विषय दिले. आलेल्या मजकुरात गडर लाइनवर दोन ओळी होत्या, आणि त्याखाली आश्वासने अशी होती: शहराच्या सनदेत दुरुस्ती करण्याचा प्रस्ताव मतदारांपुढे ठेवू, आणि नव्या रोख्यांना मतदारांची मंजुरी घेतल्याशिवाय कर्ज काढणार नाही! मजकूर मराठीत होता, पण शहर अमेरिकेतले होते. तिकडे अशी पद्धत खरोखरच आहे. सॅन फ्रान्सिस्कोसारख्या शहरात मालमत्ता कराच्या जोरावर काढायच्या कर्जरोख्यांना मतदारांची दोन तृतीयांश मते लागतात, आणि शहराच्या सनदेतली, म्हणजे शहराच्या स्वतःच्या मूळ कायद्यातली, दुरुस्तीही मतपत्रिकेवर छापली जाते. आपल्या महापालिकेला सनद नाही, राज्याचा कायदा आहे. नागपूर महापालिका १९५१ मध्ये स्थापन झाली ती ‘सिटी ऑफ नागपूर कॉर्पोरेशन ॲक्ट, १९४८’ या स्वतंत्र कायद्याखाली. २०१२ पासून तिला मुंबईखेरीज बाकीच्या महापालिकांचा १९४९ चा कायदा लागू झाला. तो बदलतो विधिमंडळ, आणि बदलताना मतदाराला विचारत नाही. प्रभाग किती सदस्यांचा असावा हेच पाहा. २०१२ मध्ये दोन होते, २०१७ मध्ये चार झाले, २०१९ च्या अखेरीस एक करण्याचे ठरले, २०२१ मध्ये तीन, आणि २०२२ मध्ये पुन्हा चार. आणि मार्च २०२२ पासून या निवडणुकीपर्यंत शहरात नगरसेवकच नव्हते. कर्जरोख्यांचेही तसेच. पुणे महापालिकेने जून २०१७ मध्ये पाणीपुरवठा योजनेसाठी २०० कोटींचे रोखे काढले, ते महापालिकेच्या ठरावाने, राज्य शासनाच्या मंजुरीने आणि सेबीच्या नियमांप्रमाणे. पुणेकराने त्यासाठी कोणतेही बटण दाबलेले नाही.

गंमत अशी, की हा मजकूर वाचून आमच्यातल्या एका उमेदवाराला ती कल्पनाच आवडली, आणि कर्जाच्या प्रस्तावावर लोकांची मते घेण्याचे आश्वासन ठेवावे असा त्यांनी आग्रह धरला. कायद्यात तरतूद नसलेले आश्वासन देऊ नये, यावर आमची एक संध्याकाळ गेली. शेवटी ठरले, की प्रभागातल्या मोठ्या खर्चाचा विषय सभागृहात येण्याआधी वस्तीची सभा घेऊ, एवढेच लिहायचे. जाहीरनामा मी हाताने लिहिला. विक्रेत्याने ही सोय परवान्यातून काढून पाचशे रुपये कमी घेतले असते, तर बरे झाले असते.

सणाच्या शुभेच्छांची स्वयंचलित सोय तर धोक्याची आहे. ॲपमध्ये पंचांग भरलेले आहे आणि सण आला की ते उमेदवाराच्या फोटोसह, चिन्हासह संदेश पाठवते. या वर्षी मकर संक्रांत १४ जानेवारीला होती, म्हणजे प्रचार बंद झाल्याच्या दुसऱ्या दिवशी आणि मतदानाच्या आदल्या दिवशी. १३ तारखेच्या रात्री मी सहज यादी तपासत होतो, म्हणून ‘तिळगूळ घ्या, गोड बोला’ असे चार चिन्हांसह निघायला तयार असलेले हजारो संदेश दिसले आणि ते थांबवता आले. उमेदवाराने त्या दिवशी शेजारी तिळगूळ द्यायला जाणे हा प्रचार की शेजारधर्म, यावर वाद घालता येईल. फोटो आणि चिन्ह असलेल्या संदेशावर वाद घालायला जागा नाही. घेणाऱ्याने ही सोय पहिल्याच दिवशी बंद करून टाकावी.

मतदानाच्या दिवशी, सकाळी साडेसात ते संध्याकाळी साडेपाच, ॲपने मान खाली घालायला लावली आणि मग काहीशी वाचवलीही. मतदान केंद्रांची अंतिम यादी आल्यावर विक्रेत्याने आपली माहिती बदलली होती, पण एका शाळेच्या दोन इमारतींची अदलाबदल त्याच्याकडून तशीच राहून गेली. आमच्या सुमारे दोनशे चिठ्ठ्यांवर चुकीची इमारत छापलेली होती. सकाळी नऊच्या सुमारास लोक एका फाटकातून परत येऊ लागले तेव्हा हे कळले. शंभर मीटरच्या बाहेर टेबल टाकून बसलेल्या आमच्या मुलांनी छापील यादीवरून नावे तपासली, ॲपमध्ये दुरुस्ती केली आणि अकरापर्यंत गाडी रुळावर आली. थंडीत दोनदा रांगेत उभे राहिलेल्या त्या लोकांची मी व्यक्तिशः क्षमा मागितली. विक्रेत्याचा फोन त्या दिवशी दुपारी दोनला लागला.

शेवटचा आणि माझ्या मते सर्वांत गंभीर मुद्दा जातीच्या रकान्याचा. ॲप प्रत्येक नावापुढे एक रंग देते: हिरवा म्हणजे आपला, पिवळा म्हणजे काठावरचा, लाल म्हणजे विरोधातला. तो रंग आपण भरायचा असतो, इथपर्यंत ठीक. पण त्याच्या शेजारी आडनावावरून अंदाजाने भरलेला जातीचा रकाना आयताच येतो, आणि तो पुसता येत नाही, फक्त झाकता येतो. अंदाज चुकतात, हा त्यातला लहान दोष. मोठा दोष हा, की शेजारच्या घराकडे त्या रकान्यातून पाहायला शिकलेले वीस वर्षांचे पोर निवडणुकीनंतरही त्याच गल्लीत राहणार असते. मी तो रकाना दहाही मोबाइलवर झाकला. दोन दिवसांनी तीन मोबाइलवर तो पुन्हा उघडलेला होता.

पुन्हा घेईन का, तर घेईन, पण मोजक्या अटींवर: परवान्यात शोध, साधी चिठ्ठी आणि यंत्राची नक्कल एवढेच असावे, यादी यंत्राने वाचल्यावर माणसाने तपासलेली असावी, केंद्रांची नावे आम्ही स्वतः छापील यादीशी पडताळून सही करू, तोपर्यंत एकही चिठ्ठी निघू नये, आणि जातीचा रकाना मुळातच नसावा. अठरा हजारांना हे महाग वाटत नाही. छापील यादीचा संच मात्र शुल्क भरून जरूर घ्यावा, कारण ॲपची चूक दाखवणारी दुसरी वस्तू तुमच्याकडे नसते.

निकाल १६ जानेवारीला लागला, आमचे चौघेही पडले, आणि खर्चाचा हिशेब आम्ही मुदतीत दिला. परवान्याची मुदत महिनाअखेरीस संपत होती. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला आहे आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आहेत, याची आठवण देऊन मी विक्रेत्याला प्रभागाची सगळी माहिती, विशेषतः मुलांनी भरलेले रंग आणि मोबाइल क्रमांक, पुसून टाकायची लेखी विनंती केली. चार दिवसांनी उत्तर आले, की सर्व माहिती कायमची नष्ट करण्यात आली आहे. ते पत्र मी हिशेबाच्या फायलीत लावले. गेल्या आठवड्यात खामल्याच्या भाजीबाजारात आमच्यातला एक मुलगा भेटला, त्याने जुना मोबाइल काढून ते ॲप उघडले आणि हसत हसत मला माझेच नाव दाखवले. यादीभाग, अनुक्रमांक, वय, सगळे बरोबर होते. नावापुढे पिवळा रंग होता.